तळाचा सूर

विरूपाक्ष कोष्टी यांना आयुष्यात एकदाही धड घासाघीस करता आली नव्हती, आणि पोटासाठी त्यांनी जन्मभर शिकवला तो विषय मात्र वाटाघाटींचा. ही विसंगती आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. खरं तर ती सगळ्या हिवरपेठेला ठाऊक होती. कोष्टी सर पिशवी घेऊन बाजारात दिसले की भाजीवाली आपणहूनच दर थोडा उतरवून सांगायची. सर सांगितलेल्या दराला मान हलवून मोकळे होणार आणि मग दिवसभर आपल्यालाच चुटपुट लागून राहणार, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

हिवरपेठ हे माणगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. शेतीच्या कामाला आता बैल उरले नव्हते, नांगरट विजेवरची यंत्रं करत. पण शर्यतीच्या आणि हौसेच्या खिलार बैलांमुळे शनिवारचा जनावरांचा बाजार टिकून होता. त्या बाजाराच्या कडेला, बाजार समितीच्या रिकाम्या कडब्याच्या गोदामात, डॉ. अनघा शेणोलीकर या बाईंनी व्यवस्थापनशास्त्राची संस्था काढली, तेव्हा लोक हसले होते. पदवी घेतलेली मुलं कडब्यात बसून पुढचं काय शिकणार?

बाईंनी एक रीत पाडली. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर दर शनिवारी बाजारातल्या एका दुकानात किंवा कापडी पालात बसायचं. मालक सांगेल ते करायचं. झाडायचं, माल उचलायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचं. त्याशिवाय पदवी नाही. याला सगळे ‘बाजारवार’ म्हणत. त्या बाजारवारातूनच घोंगड्या विणणाऱ्या बायकांना मोठ्या शहरातली गिऱ्हाइकं मिळाली, मेंढपाळांची लोकर एकत्र विकली जाऊ लागली, कुंभारांच्या माठांना खोकी मिळाली. गावाने संस्थेला वाढवलं आणि संस्थेने गावाला. मुलांसाठी घरांवर मजले चढले, खानावळी निघाल्या. लोक तिला ‘आमचं कॉलेज’ म्हणू लागले.

कुठल्या मुलाला कुठल्या दुकानात बसवायचं हे ठरवण्याचं काम कोष्टी सरांकडे होतं. ते काम त्यांनी मन लावून केलं. स्वतः मात्र ते एकदाही बसले नाहीत. गर्दी, धूळ, बैलांची शिंगं, तोंडावर येऊन बोलणारी माणसं. त्यांना लहानपणापासून बाजाराची धडकी भरायची. त्यांची जागा ग्रंथालयातली, खिडकीशेजारची. मुलं व्यापाऱ्यांच्या परवानगीने सौद्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून आणत आणि सर ती कानाला लावून ऐकत बसत.

त्यातूनच ‘तळ’ निघाला.

माणूस ‘नाही’ म्हणतो त्याच्या आधी त्याचा गळा ‘नाही’ म्हणतो. आवाजाच्या पडद्यांना ताणणारे बारीक स्नायू नेहमी थरथरत असतात, सेकंदाला आठ-दहा वेळा. माणूस हटून बसला की ते आवळतात, थरथर बदलते, बोलण्याआधीचा श्वास खोल होतो. माणूस नमायला लागला की उच्छ्वास लांबतो आणि वाक्याचं शेपूट खाली पडतं. आपल्या कानाला हे कळत नाही. यंत्राला कळू शकतं. अडचण एवढीच, की यंत्राला शिकवण्यासाठी खरं उत्तर माहीत असावं लागतं: हा माणूस कुठवर उतरला असता? सौदा झाल्यावर हे कोण कुणाला सांगेल?

पण हिवरपेठेतले व्यापारी बाजारवाराच्या मुलांना सांगत. वर्षभर आपल्या दुकानात बसलेलं, आपल्या डब्यातली भाकरी खाल्लेलं पोर विचारतंय म्हटल्यावर, “खरं सांगू का, अजून उतरलो असतो,” असं हसत सांगून टाकत. अशी हजारो खरी उत्तरं साठली होती. जगात दुसऱ्या कुठल्याच संस्थेकडे ती नव्हती.

‘तळ’ कानात एक बारीक सूर धरायचा. समोरचा ठाम असेल तर सूर वर. तो नमू लागला की सूर खाली, आणखी खाली. आणि त्याच्या सोडून देण्याच्या शेवटच्या पायरीवर खर्ज. तिथून पुढे सूर हलत नसे. कानात घालायच्या कुठल्याही साधनावर तो चालायचा. कोष्टी सरांना तोवर ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून पहिलं साधन त्यांच्याच कानात बसलं. एका बोटाच्या स्पर्शाने नुसतं श्रवणयंत्र, दुसऱ्या स्पर्शाने तळ.

*

संस्थेला बाजाराच्या तोंडाशी ‘लोकसेवा भवन’ बांधायचं होतं. छोट्या व्यापाऱ्यांना फुकट सल्ला, माल ठेवायला थंड खोल्या, मोठं प्रदर्शन. सगळी जागा मिळाली होती. मधोमध राहिलं होतं हणमंत गेजगेचं दुकान.

हणमंत बैलांचे साज करायचा: चामड्याचे पट्टे, घुंगरमाळा, गोंडे, गळ्यातल्या घंटा. बाजारात शिरणारं प्रत्येक जनावर त्याच्या दारावरून जाई आणि दारात टांगलेल्या माळा वाऱ्याने, धक्क्याने वाजत राहत. त्या आवाजानेच गिऱ्हाईक थांबे. हणमंत आणि कोष्टी सर प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. शाळेला बाजारातून जावं लागे आणि विरूपाक्ष बैलांना घाबरून रस्त्यातच थिजायचा. हणमंत त्याचा हात धरून त्याला पलीकडे ओढत न्यायचा. रोज. त्याबद्दल त्याने वर्गात कधी कुणाला सांगितलं नाही.

“सर, तुम्हीच बोला,” शेणोलीकर बाई म्हणाल्या. “तुमचं ते ऐकतील.”

सर गेले. हणमंतने पेटीवरची धूळ हाताने झटकली.

“बस, विरुपा. कॉलेजनं पाठवलं म्हन की. घाबराघुबरा दिसतुयास.”

“तसं नाही रे.”

“तसंच हाय. आरं, मी काय मारका बैल हाय का? बोल.”

सरांनी सांगितलं. जागेचा मोबदला बाजार समितीने ठरवलेला होता, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न होता तो नव्या इमारतीत हणमंतला कुठला गाळा द्यायचा याचा.

“सरळ हाय,” हणमंत म्हणाला. “मोहरचं दोन गाळं दे. जनावर जातंय त्या अंगाला.”

सरांच्या कानात सूर वर होता. तेव्हा त्यांना आठवलं, की तळ चालूच आहे. सकाळच्या वर्गात लावला होता. बंद करायला एक बोट पुरलं असतं. त्यांचा हात कानाकडे गेलासुद्धा, आणि तिथून चष्म्याकडे वळला.

“समोरचे गाळे प्रदर्शनासाठी ठेवलेत म्हणतात,” ते म्हणाले.

सूर उतरला. अगदी स्पष्ट.

“मग एक दे.”

“एकही... अवघडच दिसतंय, हणमंत.”

सूर आणखी उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्या माणसाच्या आत पायऱ्या दिसत होत्या, आणि आपण त्या उतरतो आहोत हे कळत होतं.

“बाजूला तरी दे. अंगावरनं जनावर गेलं पायजे गड्या, त्याबिगर घुंगराला कोन इचारतंय?”

“मागच्या बाजूला एक आहे. मोठा आहे. सावलीचा.”

हणमंतने एक घंटा उचलली, तिची जीभ अंगठ्याने धरली, सोडली. मग म्हणाला, “तू म्हंतुयास म्हंजी काय तरी इचार असंलच. दे मागचा.”

खर्ज. खोल, स्थिर. सरांनी इतका खालचा सूर अजून कुठल्याच सौद्यात ऐकला नव्हता.

परतताना ते चक्क गुणगुणत होते. वाटेत त्यांनी गरम भजी घेतली. जेवताना बायकोला, गिरिजाबाईंना, सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. आपण जिंकलो, असा शब्द त्यांनी वापरला नाही, पण तो ताटाशेजारी येऊन बसलाच होता.

“हणमंतभावजींनी समोरचा मागितला नाही?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“मागितला की.”

“मग?”

“मग काय, वाटाघाट झाली.”

गिरिजाबाईंनी भजी पुढे सरकवली. “खा. गार होतील.”

*

भवन उभं राहिलं आणि त्याचं नाव झालं. दुष्काळी तालुक्यातली ही संस्था बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. तळ सगळ्या गावाला फुकट देण्यात आला. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मेंढपाळांच्या बायका कानात बोटभर साधन घालून परगावच्या व्यापाऱ्यासमोर बसत आणि तो कुठवर चढेल हे ऐकून मुकाट वाट बघत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना नाडणारी माणसं घाम पुसत उठून जात. शेणोलीकर बाई भाषणात हे अभिमानाने सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मागच्या बाजूचा गाळा कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून होता. तिथून जनावर जात नव्हतं आणि वाराही येत नव्हता. माळा टांगलेल्या असत, वाजत नसत. शर्यतवाले समोरच्या काचेच्या दालनातून तयार साज घेऊन जाऊ लागले. हणमंतने तक्रार केली नाही. कोष्टी सरांनी मात्र संस्थेत यायचा रस्ता बदलला. उत्तरेच्या फाटकातून आलं तर चालणं जास्त होतं, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे, असं ते स्वतःला म्हणत.

पुढे तळ बाजारातून घरात शिरला.

वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणींनी भावांच्या नावे सोडायचा, ही इकडची जुनी रीत. पण बहीण निदान काही बोलून दाखवायची. कधी विहिरीजवळचा तुकडा मागायची, कधी दिवाळीला हक्काने नेण्याची अट घालायची. आता भाऊ कानात सूर घेऊन बसत आणि खर्ज लागेपर्यंत थांबत. बहिणी सगळं सोडून, डोळ्याला पदर लावून, बसला बसत. लग्नाच्या बैठकीत मुलीचे वडील तोंड उघडायला भीत. दोन सख्ख्या भावांनी चुलत्यामागे राहिलेली मोटार कुणी घ्यायची हे ठरवताना एकमेकांचं ऐकून असं काही केलं, की पुढे ते एका पंगतीला बसले नाहीत.

सरांच्या कानावर हे येत होतं. लोक कुठल्याही यंत्राचा गैरवापर करतातच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांचं ते धरणं सुटलं एका सकाळी, चहाच्या वेळी.

निवृत्ती जवळ आली होती. “मी म्हणतो, नंतर आपण पुण्याला जाऊ,” सर म्हणाले. “मोठी ग्रंथालयं आहेत.”

“चालेल,” गिरिजाबाई म्हणाल्या.

सरांच्या कानात खर्ज. तळ पुन्हा चालू राहिला होता. ते चपापले. “नाहीतर इथेच राहू. तुला तुझी माणसं आहेत इथे.”

“चालेल की.”

खर्ज. तितकाच खोल.

“तुला नक्की काय हवंय?”

“मला? तुम्ही ठरवा. मला काय.”

पहिल्या शब्दापासून तळ. कुठली पायरी नाही, उतरण नाही. ही बाई चाळीस वर्षं याच सुरात बोलत आली होती आणि त्यांनी त्याला एकमत म्हटलं होतं. सर कप तसाच ठेवून उठले.

त्यांनी ग्रंथालयात जाऊन जुनी सगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा लावली, आणि आजवर कधी लावली नव्हती अशा रीतीने लावली: बोलणारी दोन माणसं एकमेकांची कोण होती, त्याप्रमाणे. अनोळखी गिऱ्हाइकापुढे व्यापारी थोडं उतरत. नेहमीच्या गिऱ्हाइकापुढे जरा जास्त. शेजाऱ्यापुढे आणखी. आणि भाऊ, बहीण, लहानपणचा मित्र, नवरा असला की सूर सरळ पाताळात. पन्नास ठिकाणी तपासलं, पन्नास ठिकाणी तेच. यंत्र चुकत नव्हतं. फक्त ते मोजत होतं ते दुसरंच काही. समोरच्याची गरज किती, कमजोरी किती, असं सगळे समजत होते. तळ सांगत होता, समोरच्याचा तुमच्यावर जीव किती.

आणि ज्याचा जीव जास्त, त्याच्याकडून जास्त काढून घ्यायला शिकवत होता.

हणमंतच्या दुकानातला तो खर्ज त्यांना आठवला. असा सूर कुठल्याच सौद्यात ऐकला नव्हता म्हणून आपण भजी घेतली होती, हेही आठवलं.

*

शेणोलीकर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हुशार होत्या. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

“तुमचं बरोबर असेल, सर,” त्या म्हणाल्या. “पण मेंढपाळांच्या बायकांचा त्या व्यापाऱ्यावर कुठे जीव आहे? त्यांना तळ लागतोच. बंद करायचा तर त्यांना काय सांगू? तुम्ही येता सांगायला?”

बाईंच्या म्हणण्यात वजन होतं, आणि वजन असलेल्या कुठल्याही म्हणण्यापुढे ते नेहमीच गप्प होत आले होते.

“शिवाय लोकांनी त्यावर तोड काढलीच आहे. बाजारात फिरलात का एवढ्यात?”

ते फिरले नव्हते. बाईंनी त्यांना खिडकीशी नेलं. खाली एक विचित्र दृश्य होतं. भाजीवाली आणि गिऱ्हाईक, शिंपी आणि गिऱ्हाईक, जिकडे बघावं तिकडे दोन माणसं तोंड मिटून उभी, आणि मधे एक टॉवेल. टॉवेलाखाली दोघांचे हात.

बैलबाजारातली ही जुनी पद्धत. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून दलाल कापडाखाली एकमेकांची बोटं धरून बोलत. कुठलं बोट धरलं, किती धरली, कसं दाबलं यावरून आकडा. तळाला आवाज लागत होता. म्हणून गावाने आवाजच काढून घेतला होता. कापडवाल्याकडे टॉवेल संपले होते, तो ते पंचे फाडून विकत होता.

“आणि हे सगळ्यांना शिकवतंय कोण, माहीत आहे?” बाई म्हणाल्या. “हणमंत गेजगे. त्यांच्या मागच्या गाळ्यात रांग लागते. कुणी एक गोंडा घेत नाही म्हणे, नुसते बोटं शिकून जातात.”

त्यांनी मेजाच्या खणातून एक अंगठी काढली. साधी, काळसर. “बोटांचा दाब, घाम, नाडी, सगळं ही टिपते. हिला शिकवायला एकच चांगला हात पुरे आहे. त्यांनी ही घालून महिनाभर लोकांना शिकवलं तरी भागेल. त्यांना कशासाठी ते सांगायची तशी गरज नाही. तुमचं ते ऐकतात.”

अंगठी सरांच्या तळहातावर होती. नाही म्हणायचं होतं. “बघतो,” असं ते म्हणाले आणि त्या शब्दाची त्यांना जिना उतरेपर्यंत लाज वाटत राहिली.

*

दुपारची वेळ होती, बाजाराचा दिवस नव्हता. भिंतीची सावली गाळ्यात अर्ध्यापर्यंत आली होती. कोष्टी सरांनी दाराशी थांबून कानाला बोट लावलं. तळ बंद केला, नुसतं ऐकू येणं ठेवलं. या दारात ते पहिल्यांदाच येत होते.

“या, मास्तर,” हणमंत म्हणाला. त्याने विरुपा म्हटलं नाही.

सर पेटीवर बसले. किती तरी वाक्यं त्यांनी वाटेत जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

“त्या दिवशी माझ्या कानात ते यंत्र चालू होतं,” ते म्हणाले. “तू समोरचा गाळा मागितलास, तेव्हा. मी बंद करू शकत होतो. केलं नाही. तू कुठवर सोडशील ते मला ऐकू येत होतं, आणि मी तिथवर गेलो. तेवढंही जायची गरज नव्हती. बाई एक समोरचा गाळा द्यायला तयार होत्या.”

हे शेवटचं त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

हणमंत चामड्याच्या पट्टीला भोकं पाडत होता. त्याने एक भोक पूर्ण केलं.

“ठावं हाय,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“त्या दिशी न्हवतं. गावाला यंत्र वाटलं तवा कळलं. मी म्हटलं, ह्यो यील. आज यील, उद्या यील. आरं, रस्ता बदललास की लेका. उत्तरच्या फाटकानं जातूस. हितनं दिसतंय मला, भिंतीला खिंडार हाय.”

सरांनी भिंतीकडे पाहिलं. खिंडार होतं. त्यातून उत्तरेचं फाटक नीट दिसत होतं.

त्यांनी खिशातून अंगठी काढून दोघांच्या मधे ठेवली आणि ती कशासाठी आहे ते सगळं सांगितलं. हणमंतने ती करंगळीत घालून पाहिली, उजेडात धरली.

“चांदीची हाय?”

“नाही.”

“मग मला रं काय करायची?” त्याने ती परत पेटीवर ठेवली. “ह्या खेपेला बोललास आधी. हे बरं केलंस.”

“मी बाईंशी बोलतो. समोरचा गाळा अजूनही मिळेल. मी भांडतो त्यांच्याशी.”

“तू? भांडतूस?” हणमंतच्या मिशा जरा हलल्या. “दिला तर घीन की. का न्हाई घेनार? पर त्यो हिशेब माझा आन् बाईचा. तुझा न्हवं.”

“मग माझा काय?”

हणमंतने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि स्वतःच्या हातावर पसरून हात पुढे केला. सरांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी आपला हात टॉवेलाखाली घातला. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. फक्त खरखर वाढली होती. या हाताने कधी काळी त्यांना बैलांमधून ओढून नेलं होतं. त्या हाताने आता त्यांचं फक्त एक बोट धरलं. तर्जनी. घट्ट.

“एक,” सर म्हणाले. “एक काय?”

“एक वरीस. पोरं बसवतूस न्हवं दुकानादुकानांत? शनिवारचं? आता तू बस. हितंच. मागं.”

वर्षभराचे शनिवार. धूळ, आरडाओरडा, येणारी-जाणारी माणसं, ज्यांच्या बहिणींचे हक्क सुटले ती माणसं. ‘सहा महिने’ म्हणायला त्यांचं बोट टॉवेलाखाली किंचित वळलंही. मग त्यांनी ते सरळ केलं.

“बसतो.”

“आन् कानातलं त्ये चालू ठिवून बसायचं.”

“कशाला?”

“त्या दिशी ऐकलंस न्हवं? आताबी ऐक.” हणमंतने हात काढून घेतला आणि पुन्हा पट्टी उचलली.

*

सरांनी अंगठी परत केली तेव्हा शेणोलीकर बाई रागावल्या नाहीत. “दुसरं कुणी तरी जाईल, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं.” तळावर सूचना लिहायचं त्यांनी कबूल केलं: घरच्या माणसांशी बोलताना वापरू नये. ती सूचना लिहिली गेली. कुणी वाचली का, ते सांगता येत नाही. समोरच्या गाळ्याबद्दल सर पहिल्यांदाच तावातावाने बोलले. बाईंनी पुढच्या बैठकीत बघू म्हटलं.

शनिवार आला. गिरिजाबाईंनी डबा भरून दिला. “पुण्याचं तूर्त राहू दे,” सर चपला घालता घालता म्हणाले. “वर्षभर मला इथे काम आहे. तोवर तू ठरव. मी विचारत राहीन.” दार लावताना त्या दोन पळं तशाच उभ्या राहिल्या.

दक्षिणेच्या फाटकातून, बाजाराच्या मधून, सर चालत गेले. एक बैल फुस्कारला आणि ते थिजले. हात धरायला कुणी नव्हतं. बैल निघून जाईपर्यंत ते तसेच थांबले आणि मग पुढे गेले.

गाळ्यात हणमंत माळा टांगत होता. त्याने पायाने एक पेटी सरकवली. सर बसले. इमारतीच्या पलीकडून बाजाराचा कालवा ऐकू येत होता. इकडे कुणी नव्हतं. सरांनी कानाला बोट लावलं आणि तळ चालू केला.

“च्या घेनार का?” हणमंतने विचारलं.

साधा प्रश्न. त्यात मागणं नव्हतं, देणं म्हटलं तर कपभर चहाचं. सरांच्या कानात सूर लागला तो वर. खूप वर. परगावच्या व्यापाऱ्याचा, पहिल्याच भेटीत पाठ फिरवून बसलेल्या अनोळखी माणसाचा सूर लागतो, त्याहूनही वर. तारेसारखा ताठ, कानात रुतणारा. पूर्वी तो कुठे होता हे त्यांना ठाऊक होतं. तिथून इथवरचं अंतर त्यांना आता नेमकं ऐकू येत होतं, आणि ते आपणच पाडलं होतं हेही.

त्यांचा हात नकळत कानाकडे गेला. एक बोट पुरलं असतं.

हणमंत त्यांच्याकडे बघत होता.

सरांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. “घेतो,” ते म्हणाले.

“थांब मग. सांगून येतू,” हणमंत म्हणाला. सूर तिथेच होता. तो दाराबाहेर पडताना त्याचा खांदा माळेला लागला आणि न वाजणाऱ्या त्या गाळ्यात घुंगरं थोडी वाजली.